बाण सुटल्यानंतर

दरवर्षी नोव्हेंबर आला की आमच्या टीमच्या कॅलेंडरवर एक हिरवी पट्टी उमटते. विस्कॉन्सिनमध्ये बसणारा आमचा एक सीनियर आर्किटेक्ट आठवडाभर रजेवर जातो. कशासाठी? तर हरणाच्या शिकारीला. आणि तीही बंदुकीने नाही, चक्क धनुष्यबाणाने!

यावर आमच्या पुण्याच्या ऑफिसात यथेच्छ टिंगल होते. "एकलव्य निघाला", "अंगठा सांभाळ म्हणावं, टायपिंगला लागेल" वगैरे वगैरे. मी स्वतः कोल्हापूरचा, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला, त्यामुळे मटण खाऊन अहिंसेवर प्रवचन देण्याइतका निर्लज्ज मी नाही. पण खरं सांगायचं तर मलाही हा प्रकार विचित्रच वाटायचा. हातात पगार आहे, कोपऱ्यावर सुपरमार्केट आहे, आणि हा माणूस पहाटेच्या थंडीत झाडावर चढून बसतो.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी आमची महत्त्वाची मीटिंग होती आणि हा आलाच नाही. रजा तर आदल्या दिवशी संपलेली. थोड्या वेळाने निरोप आला: काल संध्याकाळी एका हरणाला बाण लागला, पण जिथे लागायला हवा त्याच्या थोडा मागे लागला. रात्रभर थांबलोय. आता उजाडतंय, शोधायला निघतो. सापडेपर्यंत मला धरू नका.

कॉलवर कोणीतरी म्हणालं, एका हरणासाठी मीटिंग बुडवली? मंगळवारी तो आला तेव्हा मी सहज विचारलं, सापडलं का? सापडलं होतं. मग अर्धा तास तो त्याबद्दलच बोलत होता. आणि गंमत म्हणजे त्या अर्ध्या तासात नेम, धनुष्य, शिंगं यातलं काहीही नव्हतं. बाण सुटला तिथपासून पुढचंच सगळं होतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकार करणारा माणूस कसा आहे हे बाण मारण्यावरून कळत नाही, बाण लागल्यावर तो काय करतो यावरून कळतं. आपण आपल्याकडे शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. पण जनावरं घायाळ होणं काही बंद झालं नाही. बंद झालं ते घायाळ जनावराच्या मागावर जाणं.

आता जरा सविस्तर.

बाण आणि गोळी यांत मूळ फरक आहे. गोळीचा धक्का बसतो. बाणाचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार असतं, ते कापत जातं आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणजे नेम अगदी अचूक बसला तरी हरीण जागीच कोसळत नाही. ते उधळतं, शंभरेक मीटर पळतं आणि मग कुठेतरी पडतं. म्हणूनच बाणाने शिकार करणारा फार लांबून मारत नाही, वीस-तीस मीटरच्या आत जनावर येईपर्यंत बसून राहतो. तरीही हरीण ऐन वेळी वळतं, मधे एखादी फांदी येते, हात कापतो. मग बाण लागतो, पण भलतीकडे.

आणि इथे पहिला नियम येतो, तो म्हणजे काही करायचं नाही. मागे धावायचं नाही. हरीण कुठे उभं होतं आणि कोणत्या झाडापाशी दिसेनासं झालं, ते मनात पक्कं करायचं. मग सावकाश खाली उतरून बाण शोधायचा आणि त्यावर काय लागलंय ते बघायचं. गुलाबीसर, फेसाळ रक्त असेल तर बाण फुप्फुसातून गेलाय, अर्ध्या तासाने निघालं तरी चालतं. रक्त गडद, काळपट असेल तर यकृताला लागलंय, चार ते सहा तास थांबायचं. बाणावर हिरवट-तपकिरी घाण असेल आणि वास येत असेल तर पोटात गेलाय. मग आठ ते बारा तास, म्हणजे बहुतेक वेळा अख्खी रात्र.

का थांबायचं? कारण घायाळ जनावराच्या मागे कोणी लागलं नाही तर ते जवळच कुठेतरी आडोशाला बसतं आणि तिथेच जीव सोडतं. पण चाहूल लागली की उरलेलं सगळं बळ एकवटून उठतं आणि मैलभर लांब जातं. मग ते सापडत नाही. त्याचे हाल वाढतात, आणि ते मेलेलंही फुकट जातं. त्यात उशिराच्या शरदातले आणखी घोळ. दिवस लवकर मावळतो. जमिनीवर लाल-तपकिरी पानांचा खच पडलेला असतो, त्यात रक्ताचा ठिपका कुठला आणि पानावरचा डाग कुठला हे कळत नाही. पाऊस आला तर माग धुऊन जातो. थंडी कमी असेल तर रात्रभरात मांस खराब होतं, आणि कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतले कायोटी आधी पोचण्याची धास्ती असतेच. थांबावं की निघावं, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो.

माग काढतानाही शिस्त असते. रक्ताचा शेवटचा ठिपका दिसला तिथे खूण करायची, कागदाचा कपटा किंवा फीत बांधायची. पुढचा ठिपका सापडेपर्यंत ती जागा सोडायची नाही. मागावरून चालायचं नाही, त्याच्या बाजूने चालायचं, नाहीतर आपल्याच बुटांनी पुरावा तुडवला जातो. आठ-दहा खुणा झाल्या की मागे वळून बघायचं, त्या ओळीवरून जनावर कुठे चाललंय ते कळतं. रक्त थांबलं तर खुरांचे ठसे, मोडलेलं गवत, उलटलेली पानं. तेही संपलं तर शेवटच्या खुणेपासून गोल गोल फिरत शोधायचं.

तुमच्यापैकी ज्यांनी रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधला बग शोधलाय त्यांना हे वाचून ओळखीचं हसू आलं असेल :-) शेवटची खात्रीची जागा पकडून ठेवा. लॉग तुडवू नका. अंदाजाने पुढे उड्या मारू नका. आणि घाईघाईने सर्व्हर रीस्टार्ट केलात तर होता तो पुरावाही गेला. योगायोग असा की धनुष्यातून बाण सोडण्याच्या क्रियेलाही 'रिलीज' असंच म्हणतात. आमच्या धंद्यातही रिलीज झाल्यावर केक कापणारे पुष्कळ असतात. त्या रात्री पेजर कोणाकडे आहे, हे विचारणारा एखादाच.

बरं, हे सगळं अमेरिकेतलं खूळ म्हणून सोडून देता येईल. ब्रिटन आणि जर्मनीत तर धनुष्यबाणाने शिकार करायला बंदीच आहे. पण जर्मनीत बंदुकीच्या शिकारीतही घायाळ जनावर शोधणं हे शिकाऱ्याचं बंधनकारक काम मानतात, आणि त्या एका कामासाठी कुत्र्यांच्या खास जाती पिढ्यानपिढ्या तयार केलेल्या आहेत. म्हणजे हत्यार कुठलंही असो, पुढची जबाबदारी टळत नाही.

आणि आपल्याला ही कल्पना परकी आहे असं अजिबात नाही. आपल्या भाषेतच बघा. 'मृग' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थच शोधणं. मृग म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा ते, मृगया म्हणजे तो शोध. मृगावरून मार्ग, म्हणजे जनावर गेलं ती वाट. मार्गावरून आपला 'माग', आणि त्याच घरातला 'मागोवा'. मार्गशीर्ष महिन्याचं नावही मृगशीर्ष नक्षत्रावरून पडलंय. याच दिवसांत रात्री पूर्वेला मृग वर येतो. त्याच्या पोटात तीन तारे एका ओळीत रुतलेले, तो बाण. आणि त्याच्या मागे लखलखत येतो तो व्याध. ऐतरेय ब्राह्मणातली ही गोष्ट, आणि याच नक्षत्रावरून लोकमान्य टिळकांनी 1893 साली 'ओरायन' लिहून वेदांचा काळ मोजायचा प्रयत्न केला. टिळकांचा हिशोब राहू दे बाजूला. मला त्या चित्रातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: व्याधाने बाण मारला आणि तो घरी गेला, असं त्यात नाही. तो अजून मागावर आहे.

आपल्या पुराणकथांतही बाण लागल्यावरच खरी गोष्ट सुरू होते. दशरथाने अंधारात आवाजावर बाण मारला आणि तो श्रावणबाळाला लागला. पण दशरथ तिथून पळाला नाही. आवाजाच्या दिशेने गेला, समोर काय झालंय ते बघितलं आणि पाण्याचा घडा घेऊन त्या आंधळ्या आईबापांपुढे स्वतः उभा राहिला. शाप मिळाला तो मिळालाच. श्रीकृष्णाच्या पायाला हरीण समजून बाण मारणारा जरा नावाचा व्याधही जवळ जाऊन बघतो आणि पाय धरतो. चुकलेल्या बाणामागे चालत जाणं ही आपल्याकडची फार जुनी कल्पना आहे.

आता कोल्हापूर. या गावाचं आणि शिकारीचं नातं सांगायला नको. राधानगरी-दाजीपूरचं जंगल म्हणजे एके काळी छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान. 1958 साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं, आणि 1985 साली ते वाढवून साधारण 351 चौरस किलोमीटर केलं. न्यू पॅलेसमधल्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ, गवे आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेत. चित्त्याकडून काळविटाची शिकार करवणं हा तर इथला नावाजलेला खेळ. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता माळावर न्यायचा, कळप दिसला की पट्टी काढून सोडायचा. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. 2022 साली कुनोमध्ये नामिबियाचे चित्ते आले तेव्हा आमच्या गल्लीत एक आजोबा म्हणाले होते, "त्यात नवीन काय? आमच्या गावात पूर्वीच आलेत."

पण या सगळ्या वैभवात एक गोष्ट सुटते. शिकार कोणी केली ते आपल्याला माहीत असतं. माग कोणी काढला, ते कधीच माहीत नसतं. जनावर कुठे पाण्यावर येतं, कालचा ठसा की आजचा, रक्त सांडत गेलेलं सावज ओढ्याकडे उतरेल की टेकाडावर चढेल, हे ज्ञान राजाचं नव्हतं. ते पारध्यांचं होतं, धनगरांचं होतं, रानाकडेच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांचं होतं. फासेपारधी, गायपारधी, चित्तेपारधी.. नावांवरूनच कोणाची कला कशात होती ते कळतं.

या माणसांचं आपण काय केलं? इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. पारध्यांवरही तो बसला. आपल्या शाहू महाराजांनी उलट केलं: हजेरीचा जाच काढला आणि फासेपारध्यांना सोनतळी कॅम्पवर जागा आणि पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांना सगळे चोर म्हणत होते त्यांनाच राखणदार नेमलं. स्वतः पट्टीचा शिकारी असल्यामुळे या माणसांची किंमत महाराजांना नेमकी कळली असणार, असं मला वाटतं. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण शिक्का काही गेला नाही. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांची विद्याच बेकायदा ठरली. कायदा हवा होता, यात वाद नाही. पण विद्येला दुसरं काम आपण दिलं नाही.

या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या चांगली लांबलचक आहे. मारणं, विष घालणं, फास लावणं, हाका करणं, जखमी करणं, आणि नुसता प्रयत्न करणंसुद्धा. याच कायद्याचं कलम 11 सांगतं की जीव वाचवताना एखादं जंगली जनावर मारलं किंवा जखमी केलं गेलं, तर ते जनावर सरकारी मालमत्ता. म्हणजे घायाळ जनावराचा मालक कोण ते या कलमाने ठरवलंय. त्याच्या मागावर कोणी जायचं, ते त्यात नाही.

आणि घायाळ जनावरं काही कमी नाहीत. उसाच्या, भुईमुगाच्या बांधावर रानडुकरासाठी तारेची फासकी लावतात, त्यात भेकर अडकतं, कधी बिबट्या अडकतो आणि तार तोडून कंबरेत रुतलेल्या फासासकट निघून जातो. पिठाच्या गोळ्यात दडवलेले गावठी बॉम्ब असतात, चावला की जबडा फुटतो. केरळमध्ये मे 2020 मध्ये एक गाभण हत्तीण असाच फटाका तोंडात फुटून नदीत उभ्या उभ्या मेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. डुकराचा जबडा फुटला तर कोण हळहळणार?

पण भूतदया बाजूला ठेवली तरी हिशोब संपत नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे साखर कारखाने सुरू होतात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या घालतात, पहाटे कोयता घेऊन फडात शिरतात. पोरं फडाच्या कडेला झोपवलेली असतात. दहा फूट उंचीच्या उसात एखादं घायाळ डुक्कर बसलेलं असेल, तर त्याची पहिली गाठ कोणाशी पडणार? ज्याने बॉम्ब लावला त्याच्याशी नक्कीच नाही.

जिम कॉर्बेटच्या नरभक्षकांच्या गोष्टी आपण थरार म्हणून वाचतो. 1907 साली त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर चारशेहून जास्त बळी सांगतात. मेल्यावर बघितलं तर तिच्या उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते, जुन्या गोळीच्या जखमेने. म्हणजे कोणीतरी कधीतरी एक गोळी मारली आणि तो घरी गेला. पुढची किंमत शेकडो कुटुंबांनी भरली, आणि त्यातल्या एकानेही बंदूक हातात धरलेली नव्हती. जखमी वाघाच्या मागावर पायी जाऊन त्याचा शेवट करायचा, हा जुन्या शिकाऱ्यांचा दंडक त्यातूनच आला. तो दंडक दयेचा कमी आणि हिशोबाचा जास्त होता.

गेल्या डिसेंबरात आम्ही मालवणहून परत येत होतो. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलात शिरलो, रात्रीचे साडेदहा झालेले. आमच्या पुढच्या एका गाडीने भेकराला उडवलं. ब्रेकचे दिवे एकदा लागले, विझले आणि गाडी निघून गेली. भेकर धडपडत उठलं आणि तीन पायांवर लंगडत झाडीत गेलं. आम्ही थांबलो. रेंज नाही. मग जिथे ते झाडीत शिरलं तिथे रस्त्याकडेला तीन दगड रचले, पुढे जाऊन 1926 ला फोन लावला आणि परत येऊन उभे राहिलो. पाऊण तासाने एक वनरक्षक आला, मोटारसायकलवर मागे धनगरवाड्यावरचे एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी बॅटरीच्या उजेडात रस्त्यावरचं रक्त पाहिलं, पानाला बोट लावून पाहिलं आणि बॅटरी बंद केली.

आमच्यातला एकजण आत शिरायला निघाला होता. त्याला म्हणाले, "आता मागं जायचं न्हाई बाळा. बसू दे त्याला. भ्यालं की पळतंय, आन् पळालं की मरतंय. उजाडल्यावर बगतो आमी."

विस्कॉन्सिनच्या माणसाने जे अर्धा तास समजावलं होतं, ते या मामांनी चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी ना यूट्यूब बघितलं होतं, ना त्यांच्या हातात दीड लाखाचं धनुष्य होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वनरक्षकाचा फोन आला. ओढ्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत सापडलं होतं, डॉक्टर आले होते, पण वाचलं नाही. फोन करायची त्याला काही गरज नव्हती, आम्ही कोण लागून गेलो? पण त्याने केला. ते भेकर कुठेतरी कुजत पडलं नाही, त्याचं काय झालं हे कोणाला तरी ठाऊक आहे, याचं मला अजूनही बरं वाटतं.

याच्या अगदी उलटही आपण पाहिलंय. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा शिरला. शेकडो माणसं मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावली. तो भिंतींना धडकत राहिला, रक्तबंबाळ झाला आणि पकडल्यावर थोड्याच वेळात मेला. वर्षभराने, डिसेंबर 2021 मध्ये, कोल्हापूरच्या वेशीवर गवे आले तेव्हाही बघ्यांची तीच झुंबड, आणि भुयेवाडीजवळ एका तरुणाचा जीव गेला. माग काढणं आणि मागे लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण शहरवाल्यांना दुसरीच येते.

आता कोणी म्हणेल, मग शिकारच सुरू करा म्हणतोस का? तर नाही. माधव गाडगीळांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने या कायद्याच्या सरसकट बंदीवर जाहीर टीका केली, केरळने 2022 साली पंचायतींना रानडुकरं मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले, आणि महाराष्ट्रातही पिकं उद्ध्वस्त करणारं डुक्कर काही अटींवर परवानगीने मारता येतं. ज्याच्या वर्षभराच्या शेतात एका रात्रीत नांगर फिरतो, त्याला मी पुण्याच्या फ्लॅटमधून सहनशीलता शिकवणार नाही. पण परवानगीच्या कागदावर जशी तारीख आणि हद्द असते तशी एक ओळ आणखी हवी: जनावर जखमी होऊन निसटलं तर त्याच्या मागावर कोण जाणार. त्या ओळीपुढे नाव नसेल तर परवानगी देऊ नये. कोडला ओनर नसेल तर आपण डिप्लॉय करू देतो का?

दुसरी गोष्ट माणसांची. माग काढणं हा पगाराचा, मानाचा हुद्दा असायला हवा. पन्न्याला पारधी तरुण पर्यटकांना जंगल वाचायला शिकवतात. आपल्याच वाशीम-अकोला भागात फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम झालंय. शाहू महाराजांनी जे सोनतळीला केलं ते आज राधानगरीत आणि चांदोलीत करायला काय हरकत आहे? मामांसारखी माणसं रोजंदारीवर रात्री-बेरात्री येतात, आणि त्यांच्याबरोबर ती विद्या संपणार, याचं मला वाईट वाटतं. तिसरी गोष्ट, घायाळ जनावराची खबर देणाऱ्यावरच पहिला संशय घेऊ नका. आज शेतकरी फासात अडकलेलं भेकर बघतो आणि तोंड फिरवून निघून जातो, कारण कळवलं तर फास तूच लावलास का, हे ऐकावं लागेल अशी त्याला भीती असते.

एवढी माणसं रस्त्यावर मरतात आणि तू हरणांचं काय घेऊन बसलास, हाही प्रश्न येईल. माझं म्हणणं एवढंच की सवय एकच असते. ब्रेकचे दिवे एकदा लावून विझवणारा तो गाडीवाला, समोर भेकर होतं की सायकलवाला, हे बघायला उतरलाच नव्हता.

असो. आपल्यापैकी कोणी धनुष्य घेऊन झाडावर बसणार नाही. पण शनिवार-रविवारी गोव्याला, मालवणला जाताना फोंडा घाट, आंबा घाट, आंबोली ही सगळी वाट जंगलातूनच जाते, आणि आपली गाडी बाणापेक्षा जड असते. तेव्हा रात्री त्या पट्ट्यात सावकाश चालवा. काही झालंच तर थांबा, जागेवर खूण करा, लोकेशन सेव्ह करा, आत शिरू नका, लाइट मारून व्हिडिओ काढू नका. वनविभागाचा नंबर 1926. आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, दाजीपुरात रेंज असेलच असं नाही.